बाहेरची व्यवस्था

लेकीनं फोनवर आधी गोड बातमी दिली, मग डॉक्टरांनी दिलेली तारीख सांगितली, आणि मी लगेच तिकिटाचं बोलायला लागले तेव्हा हळूच म्हणाली, "आई, मी एक डूला ठरवलीये."

तेव्हा ती कार्ड खरवडून त्यावरचा नंबर फिरवून फोन करायची आणि कार्ड संपलं की मध्येच फोन तुटायचा. तो नेमका इथंच तुटला. पुढचा फोन येईपर्यंत ही डूला म्हणजे काय असावं याचा विचार करत मी बसले. दुसऱ्या फोनवर कळलं की ती बाई आहे. बाळंतपण ती करत नाही, त्याला मिडवाइफ वेगळी. बाळंतिणीचं अंगही चोळत नाही, बाळाला न्हाऊही घालत नाही. ती फक्त कळा येतात तेव्हा जवळ बसते.

"नुसती बसते?"

"हो."

"बसायला मी येतेच आहे की."

"तसं नाही गं आई. त्यांना बसायचं ट्रेनिंग असतं."

मी आयुष्यभर साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. बसणं, उठणं, वळणं, श्वास घेणं या गोष्टी माणसाला शिकवाव्या लागतात हे मला मान्यच आहे. पण त्या मी शिकवायच्या असतात. माझ्या लेकीला दुसऱ्या कुणीतरी शिकवायच्या, तेही नुसतं बसून, हे काही मला पटेना.

न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला उतरले तेव्हा पहिल्यांदा भेटला तो वारा. गावाभोवतीच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्या उगाच उभ्या नाहीत हे दोरीवर वाळत घातलेलं पातळ शेजाऱ्यांच्या लिंबावर गेल्यावर कळलं. लेक तिथल्या एका संस्थेत गवतावर संशोधन करते. गवतावर एवढं शिकण्यासारखं काय आहे, हे मी तिला वेळोवेळी विचारत आले आहे. जावई विद्यापीठात कामाला, सायकलनं जातो, बोलतो कमी. मला तो आवडतो, कारण माझ्यासमोर त्याचा 'हो आई' याच्यापलीकडे फारसा शब्द नसतो.

आल्यावर चार दिवसांनी, मी मेथीचे लाडू वळत असताना, लेकीनं दुसरी बातमी दिली. बाळंत होताना खोलीत नवरा असणार होता आणि डूला असणार होती. मी नव्हते.

"आई, प्लीज, राग धरू नकोस. तू आत असलीस ना, की मी दहावीतली होते. मला वाटतं, आता तू सगळं बघशील. आणि हे तू नाही बघू शकत, मलाच करायचंय."

मी लाडू वळत राहिले. इतके घट्ट वळले की ते पुढे कुणाला फोडता आले नाहीत.

मला आत का जायचं होतं, हे इथं सांगून टाकते, म्हणजे माझ्या पुढच्या वागण्याचा अर्थ लागेल. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझी मावशी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. दवाखान्याच्या ओसरीवर आजी, आई आणि मी अशा तिघी बसलो होतो. दार बंद होतं. आतून कुणी काही सांगत नव्हतं, आणि बाहेरच्यांनी विचारायचं नसतं अशी तेव्हाची रीत. मावशी त्या दारातून परत आली नाही. बाळही नाही. तेव्हापासून दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठते. लोकांना आत जायची भीती वाटते, मला बाहेर बसायची वाटते. हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. पोटुशा बाईला असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.

तेव्हा मी भांडले. दोन दिवस भांडले, तिसऱ्या दिवशी जेवले नाही. शेवटी जावई पहिल्यांदा 'हो आई' सोडून काहीतरी बोलला. "आई, त्या डूलांचं दर शनिवारी सर्कल असतं. तुम्ही जाऊन तर बघा. त्या जर म्हणाल्या की तुम्ही आत बसू शकाल, तर हीसुद्धा नाही म्हणणार नाही."

लेकीनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. माझ्या लक्षात आलं की हे दोघांचं आधीच ठरलं होतं. पण ताटावर बसायला मला एक निमित्त हवंच होतं.

एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्या जमत. दहा-बारा बायका, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाची मोठी किटली आणि घरी केलेली बिस्किटं. "किआ ओरा," म्हणून त्यांनी माझं स्वागत केलं आणि पहिलंच वाक्य सांगितलं ते असं, की आमच्यात कुणी पुढारी नाही, आम्ही सगळ्या सारख्या. मी साताऱ्याचं महिला मंडळ आतून-बाहेरून पाहिलेलं आहे. कुणी पुढारी नाही असं सांगितलं, की पुढारी कोण आहे ते शोधायला मला एक चहा पुरतो.

त्या दोघी होत्या. एक बुटकी, गोल, साठीची, पायात लोकरीचे मोजे, हातात सतत विणकाम. नवऱ्याबरोबर तिनं आयुष्यभर दुभत्या गाईंचा गोठा सांभाळलेला. ती सगळ्यात कमी बोलायची, आणि तिची सुई थांबली की अख्खा हॉल थांबायचा. तिला मी मनात अध्यक्षीणबाई म्हणायला लागले. दुसरी उंच, काटकुळी, पांढरे केस, शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेली. कोण कुणाच्या बाळंतपणाला जाणार, कुणाची गाडी, किल्ल्या कुणाकडे, बिस्किटं कुणी आणायची, हे सगळं तिच्या डोक्यात. ती चिटणीसबाई. ठराव नाही, मतदान नाही, अनुमोदन नाही. कुठल्याही गोष्टीवर सगळ्याजणी तासभर आपापल्या भावना सांगायच्या, मग अध्यक्षीणबाई एक ओळ विणायच्या आणि म्हणायच्या, "मला वाटतं, तसंच करावं." कसं, ते चिटणीसबाई सांगायच्या. मला ही पद्धत मनापासून आवडली. आमच्या मंडळात ती असती तर दोन फुटी टळल्या असत्या.

माझ्या लेकीची डूला म्हणजे ह्याच अध्यक्षीणबाई, हे मला चहाच्या दुसऱ्या कपाला कळलं. म्हणजे परीक्षकही तीच आणि माझी जागा घेणारीही तीच. माझा पारा चढला, पण बिस्किट खात मी मूग गिळले.

त्यांच्या कामाचं मुख्य सूत्र असं की डूलानं काही करायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, घाई करायची नाही, खोलीत आहे हे फारसं जाणवूही द्यायचं नाही. हात रिकामे राहिले की माणूस लुडबुड करतं, म्हणून हातात विणकाम घ्यायचं. अध्यक्षीणबाईंनी मला समजावलं, "गाय व्यायला आली की आपण लांब कुंपणापाशी उभं राहायचं. टक लावून बघितलं की ती थांबते."

माझ्या लेकीची गाईशी तुलना ऐकून मी काय बोलणार होते ते सुदैवानं मला इंग्रजीत पटकन सुचलं नाही.

मग अभ्यास. चिटणीसबाई जमिनीवर गादीवर पडून कळा देणारी बाई झाल्या. एकेकीनं त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, चहा निवेपर्यंत. त्यांनी मागितलं तर द्यायचं, नाही तर नुसतं बसायचं. सगळ्याजणी छान बसल्या. एक तर डोळे मिटून इतकी छान बसली की तिला हलवून उठवावं लागलं.

माझी पाळी आली. हाताची घडी, तोंडावर बोट, एवढंच तर करायचं होतं. शाळेत हा हुकूम मी रोज सोडायची. चिटणीसबाई कण्हल्या. मी बसले. परत कण्हल्या. मी बसले. तेवढ्यात दिसलं, की वाऱ्याची झुळूक थेट त्यांच्या पायावर येतेय, म्हणून उठून खिडकी लावली. आता उठलेच आहे म्हणून त्यांच्या अंगावर शाल टाकली. शाल टाकताना दिसलं, की मान वाकडी आहे, म्हणून उशी सरकवली. तेव्हा त्या अशा काही कण्हल्या की मला राहवलंच नाही. "घशातून नाही, पोटातून!" मी म्हटलं. समोरच्या दोघींना गरम पाणी आणायला पिटाळलं. त्या बिचाऱ्या खरंच गेल्या. माझा चहा वाफाळत होता.

असे तीन शनिवार झाले. दर वेळी मी ठरवून जायची आणि दर वेळी कुणीतरी गरम पाणी आणायला जायचं. अध्यक्षीणबाईंनी मला विणकाम दिलं, तर मी बसल्या बसल्या शेजारणीचं चुकलेलं उसवून नीट करून दिलं.

तिसऱ्या शनिवारी सगळ्या गेल्यावर त्या दोघींनी मला थांबवून घेतलं. अध्यक्षीणबाईंनी सुया खाली ठेवल्या. मला कळलं, निकाल लागला.

"तुम्ही आत बसू नये असं मला वाटतं," त्या म्हणाल्या.

मी पर्स उचलली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसू नये म्हणून पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"पण आम्हाला बाहेर माणूस हवं असतं," चिटणीसबाई घाईनं म्हणाल्या. "बाहेरची सगळी व्यवस्था बघणारं. कोण आलं-गेलं, चहापाणी, निरोप. हे काम मी करते. पण माझं आता वय झालं, कंबर धरते. त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर राहिलात तर मला मोठी मदत होईल."

"बाहेरची व्यवस्था?"

"हो. तुमच्यासारखं माणूस आमच्याकडे नाही."

हे खरं होतं. आणि सांगायला हरकत नाही, तीन शनिवारांत मला मंडळात पद मिळालं याचा मनाला थोडा आनंदही झाला. साताऱ्यात नुसतं सभासदापासून कार्यकारिणीपर्यंत जायला मला अकरा वर्षं लागली होती. घरी येऊन लेकीला सांगितलं, की मी आत नसेन, मला बाहेरचं बघायचं आहे. तिनं मिठी मारली. जावई म्हणाला, "हो आई."

पद मिळालं तरी भीती काही गेली नाही. बाहेर बसायचंच होतं.

एका सकाळी नाश्त्याला पोहे होते, आणि लेक अर्धी बशी ठेवून उभी राहिली. जावयानं गाडी काढली. गाव लहान, पाच-सात मिनिटांत हॉस्पिटल. अध्यक्षीणबाई आमच्या आधी येऊन प्रवेशद्वाराशी विणत उभ्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, लेकीला आणि जावयाला घेऊन बाळंतपणाच्या खोलीत गेल्या, आणि दार लोटलं गेलं.

त्या खोलीच्या समोरच घरच्या माणसांची खोली होती. फानाऊ रूम म्हणतात तिथं. कोच, टीव्ही, किटली, लहान मुलांची खेळणी. मी कोचाच्या कडेला बसले आणि त्या दाराकडे बघत राहिले. ओसरीवरची ती आठ वर्षांची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली म्हटलं तरी चालेल. मी उठून दारापाशी जाणार, एवढ्यात चिटणीसबाई आल्या.

आल्या त्या लंगडतच. "सॉरी, गाडीतून उतरताना कंबर धरली," म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. चेहरा अगदी पांढरा.

आता यांना कुठं सोडणार! मी त्यांना कोचावर बसवलं. तर म्हणाल्या, बसवत नाही. उभं केलं, तर म्हणाल्या, उभं राहवत नाही. थंडी वाजतेय म्हणाल्या, मी माझी शाल दिली. उकडतंय म्हणाल्या, काढून घेतली. चहा केला, तर त्यात साखर हवी. साखर घातली, तर आता थोडं चालून बघावंसं वाटतंय. मी त्यांचा दंड धरून त्यांना कॉरिडॉरमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते. एवढ्या समंजस बाईला इतकं किरकिरताना मी शनिवारी कधी पाहिलं नव्हतं. बाहेरच्या व्यवस्थेची चिटणीस ही, आणि हिचीच व्यवस्था बघण्यात माझा दिवस चालला होता.

मध्येच आतून लेकीचा आवाज यायचा. मी थबकायची. आणि नेमकी त्याच वेळी चिटणीसबाईंच्या कमरेत कळ यायची.

दुपारनंतर तर त्यांनी हातच टेकले. दाराजवळच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता नाही सोसवत." मी मागे उभी राहिले, पदर खोचला आणि तळव्यांनी त्यांची कंबर दाबायला लागले. अशा वेळी इंग्रजी कुठलं सुचायला? अहो-जाहोही गळून पडलं. कवायतीच्या मैदानावर मूर्च्छा येऊन पडणाऱ्या मुलींना मी जसं उभं करायची, तशी सुरू झाले. "घाबरायचं नाही. मी आहे मागे. खांदे खाली. दात आवळू नकोस, जबडा सैल सोड. नाकानं घे... घे... आता तोंडानं सोड, हळू. शाबास. परत. कळ येते तशी जाते. आली, आली, चढली, बघ उतरली. किती छान करतेयस! गुडघे ताठ नकोत. माझ्याकडे लक्ष दे. घे... सोड."

चिटणीसबाईंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण श्वास मात्र अगदी तालात घेत होत्या. चांगली विद्यार्थिनी. मी त्यांच्या कमरेत इतकी गुंतले, की माझी भीती केव्हा गेली ते मला कळलंच नाही. एक नर्स बाजूनं गेली, आमच्याकडे बघून थांबली, चिटणीसबाईंनी तिला हात हलवून 'स्वीट अ‍ॅज' म्हटलं, म्हणजे सगळं झकास, आणि ती हसून पुढे गेली. हसण्यासारखं काय होतं, मला समजेना.

उन्हं अजून खिडकीत होती तेव्हा बाळ रडलं.

माझे हात तसेच त्या बाईंच्या कमरेवर राहिले. चिटणीसबाई सरळ झाल्या. अगदी सरळ, झेंड्याच्या काठीसारख्या. वळल्या आणि मला घट्ट मिठी मारली.

"कंबर?" मी विचारलं.

"एकदम बरी झाली," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर मी मुलींची खोटी पोटदुखी एका नजरेत ओळखली होती. दुखायला लागलं की मैदानाच्या कोणत्या बाजूला बघतात, ते मला पाठ होतं. आणि ह्या बाईनं सकाळपासून मला चकवलं होतं.

"तुम्हाला काहीच झालं नव्हतं!"

"थोडी दुखत होती," त्या ओशाळून म्हणाल्या. "नेहमीच थोडी दुखते." मग म्हणाल्या, "आम्ही दोघी नेहमी जोडीनं येतो. एक आत जाते, बाळंतिणीसाठी. एक बाहेर थांबते, तिच्या आईसाठी. सगळ्या आयांना नुसतं जवळ बसलेलं चालत नाही. काहींना कुणाचं तरी करावं लागतं."

म्हणजे मी पदाधिकारी नव्हते, पेशंट होते. रागानं माझे कान तापले. चांगलं सुनवावं म्हणून तोंड उघडलं, तर तेवढ्यात दार पूर्ण उघडलं आणि अध्यक्षीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात विणकाम नव्हतं. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "दोघी छान आहेत. तुम्हाला बोलावलंय." मी चिटणीसबाईंना सुनवायचं तसंच ठेवून आत धावले. पुढेही ते राहूनच गेलं.

लेक उशीला टेकून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा सुजलेला, छातीवर एक लालबुंद गाठोडं. जावई शेजारी उभा, लहान मुलासारखा रडत होता.

"केवढा आरडाओरडा करत होतीस बाहेर," लेक म्हणाली.

"मी? मी तर त्या बाईंना..."

"माहितीये. मला सगळं ऐकू येत होतं. मीच माझ्या डूलाला दार थोडं उघडं ठेवायला सांगितलं. सकाळी आल्या आल्याच." ती थांबली, श्वास घेतला. "तू त्यांना घे म्हणालीस की मी घ्यायची. सोड म्हणालीस की सोडायची. तुझं चाललं होतं त्यांच्यासाठी, कळत होतं मला. पण मी आपलं माझ्यासाठी धरून चालले."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले. मग जे गेले कित्येक दिवस घशात होतं तेच बाहेर पडलं. "मग आत का नाही घेतलंस गं मला?"

"आत असतीस तर घाबरली असतीस, आई." ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की जणू माझ्या चष्म्याचा नंबर सांगतेय. "लहानपणी मला ताप आला की तू ओरडायचीस ना, ते घाबरून ओरडायचीस. मला कळायचं. आज बाहेर तू घाबरलेली नव्हतीस. मला तीच आई हवी होती आज."

मावशीचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. आणि तरी ह्या पोरीला माझी भीती तिच्या लहानपणापासून ठाऊक होती, आणि मला वाटत होतं की मी तिला फक्त शिस्त लावतेय. मी पलंगाचा कठडा धरला. हुंदका आला तो आवरेना. मुलीसमोर मी आयुष्यात कधी रडले नव्हते.

"बस खाली आधी," लेक म्हणाली, अगदी माझ्या आवाजात. "खांदे सैल सोड. हात पुढे कर."

मी बसले, हात पुढे केले, आणि तिनं तिची मुलगी माझ्या हातात दिली.